कोणता हिरवा? युद्धकालीन विमानांच्या कॉकपिटचे रंग : प्रस्तावना

विमानाच्या प्लास्टिक किटमधला सूचनांचा कागद उलगडला की पहिल्याच पायरीवर बहुतेक वेळा कॉकपिट असतो. त्याला कारण आहे. धडाचे डावे-उजवे भाग एकदा चिकटवले की आतल्या खुर्चीपर्यंत, डायलच्या पॅनेलपर्यंत ब्रश पोहोचत नाही. म्हणून आतले रंगकाम आधी आणि बाहेरचे नंतर. या छंदात नव्याने आलेल्या माणसाला त्यामुळे सगळ्यात अवघड रंगाचा निर्णय सगळ्यात आधी घ्यावा लागतो. बाहेरच्या कॅमफ्लाजचे फोटो मुबलक आहेत, चित्रे आहेत, त्यावर पुस्तके आहेत. आतल्या रंगाबद्दल मात्र त्या कागदावर ‘कॉकपिट ग्रीन’ एवढेच दोन शब्द आणि पुढे एका डबीचा नंबर असतो.

त्या नंबरापाशी ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. त्याचे म्हणणे असे, की कॉकपिटचा अचूक रंग विमानाच्या जातीला नसतो, तो एका ठरावीक विमानाला असतो. ‘स्पिटफायरचा कॉकपिट कोणत्या रंगाचा?’ या प्रश्नाला ढोबळच उत्तर मिळणार. ‘अमुक कारखान्यात, अमुक साली बांधलेल्या या एका स्पिटफायरचा कॉकपिट कोणत्या रंगाचा?’ असे विचारले तर बहुतेक वेळा उत्तराच्या बरेच जवळ जाता येते, आणि तिथवर जाण्याची रीत शिकता येते. आधी विमान ठरवायचे, मग पुरावा पाहायचा आणि डबी शेवटी उघडायची. आपल्यापैकी बहुतेकजण नेमके उलटे करतात.

मुळात विमानाला आतून रंग का देत असत? ॲल्युमिनियमचा मिश्रधातू दमट, खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरतो आणि आतून खाल्ला जातो, म्हणून पत्र्यावर रक्षक थर हवा असे. वैमानिकाच्या डोळ्यांचाही प्रश्न होता. चकचकीत धातूवरून ऊन परावर्तित होऊन काचेवर पडले की समोरचे आकाश धूसर होते, आणि हवाई लढाईत दूरचा ठिपका दिसणे न दिसणे यावर जीव अवलंबून असे. रात्री तर कॉकपिटमधल्या मंद दिव्यांचेच प्रतिबिंब तावदानात दिसू लागते. या दोन गरजांच्या विरुद्ध बाजूला वजन आणि वेळ होते. प्रत्येक थराला वजन असते, तो वाळायला तास लागतात, आणि युद्धात कारखान्याकडे तास नसतात. म्हणून रंग जिथे लागेल तिथेच दिला जाई, उरलेला भाग नुसत्या प्रायमरवर किंवा उघड्या धातूवर सोडला जाई. ही ओढाताण लक्षात ठेवली की एरवी मनमानी वाटणाऱ्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

ब्रिटिशांनी निवडलेला रंग म्हणजे राखाडी झाक असलेला फिकट हिरवा, ग्रे-ग्रीन. पुढे ब्रिटिश मानकाच्या ३८१ सी या शेड कार्डात तो २८३ क्रमांकाने आला, आणि आज मॉडेलवाले त्याला त्याच क्रमांकाने ओळखतात. पण सगळा आतला भाग या रंगाने रंगवून काढला की स्पिटफायर चुकले. समोरच्या पॅनेलच्या जागी असलेली ८ क्रमांकाची चौकट आणि खुर्चीमागची ११ क्रमांकाची चौकट, साधारण या दोघींच्या मधला वैमानिकाचा भाग ग्रे-ग्रीन असे. त्याच्या मागे आणि पुढे चंदेरी ॲल्युमिनियम रंग असे. पॅनेल काळे. खुर्ची पुष्कळदा धातूची नसे. राळेत भिजवलेल्या कागदाचे थर दाबून बनवलेल्या प्लास्टिकची असे, आणि तिचा लालसर तपकिरी रंग हा त्या पदार्थाचाच रंग होता. धातूची खुर्ची असेल तर ती हिरवी. खाली सपाट तळ नाही. वैमानिकाचे पाय दोन अरुंद पट्ट्यांवरून रडरच्या पेडलपर्यंत जात आणि पायांखाली धडाचा पोटाकडचा पत्रा दिसे. म्हणजे एका लहानशा खोबणीत हिरवा, चंदेरी, काळा, तपकिरी आणि पाठीच्या गादीच्या चामड्याचा काळा असे पाच पृष्ठभाग शेजारी शेजारी येतात. मला स्वतःला स्पिटफायरच्या कॉकपिटचे सौंदर्य या शेजारात दिसते. एकरंगी हिरव्यात ते पार बुडून जाते.

दारावर अडकवलेल्या पहारीचे उदाहरण मुद्दाम देतो. आज उडणाऱ्या जीर्णोद्धारित स्पिटफायरमध्ये ती बहुधा भडक लाल दिसते, आणि ते फोटो पाहून हजारो मॉडेलांत ती लाल रंगवली गेली. युद्धकाळात ती सहसा लाल नसे. लाल रंग ही नंतरच्या काळातल्या सुरक्षेची सवय आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या या काडीवरून एक मोठा धडा मिळतो : आज दिसणारे विमान आणि १९४० चे विमान यांत ऐंशी वर्षांची देखभाल उभी असते.

हरिकेनची गोष्ट आणखी निराळी. ते विमान जुन्या पद्धतीचे, धातूच्या नळ्यांच्या सांगाड्यावर उभे. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना या नळ्या उघड्या दिसतात आणि त्यांच्यावर चंदेरी ॲल्युमिनियम रंग असे. इथेही तळ नाही. हरिकेन आपल्या वाचकाला परके वाटू नये. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने हेच विमान उडवले. आपल्याकडे त्या स्क्वाड्रनचे हरिकेन करायची इच्छा पुष्कळांना असते. बाहेरच्या कॅमफ्लाजवर महिनोन्‌महिने घालवून आत एका डबीतला हिरवा फासलेली अशी मॉडेले पाहिली की मला मनापासून वाईट वाटते. ज्या नळ्यांच्या मध्ये तो वैमानिक बसला होता, त्या चंदेरी हव्यात.

अमेरिकेकडे वळले की रंगशास्त्र रसायनशास्त्रात शिरते. तिथल्या रंगांचे मूळ झिंक क्रोमेट. हा पिवळट हिरवा, काहीसा पारदर्शक प्रायमर ॲल्युमिनियमचे उत्तम रक्षण करतो. १९३० च्या दशकात तो अमेरिकी विमानांत रुळला. नुसता झिंक क्रोमेट उन्हात टिकत नाही आणि डोळ्यालाही भडक लागतो. त्यात काळा मिसळला की तो टिकाऊ होतो आणि गडद हिरवा दिसतो. या मिश्रणातूनच ‘इंटिरिअर ग्रीन’ आला. १९४३ मध्ये सेना आणि नौदलाने मिळून रंगांची एक सामाईक यादी केली, तीत तो ६११ क्रमांकाचा. पुढे १९५६ च्या फेडरल स्टँडर्ड ५९५ मध्ये त्याला जवळचा रंग म्हणजे एफएस ३४१५१. या पाच अंकांत अर्थ असतो : पहिला ३ म्हणजे चमक नसलेला, दुसरा ४ म्हणजे हिरव्यांचा गट, आणि उरलेले तीन अंक प्रकाश परत फेकण्याच्या प्रमाणानुसार. पण हे मानक युद्ध संपल्यावर अकरा वर्षांनी आले. युद्धातल्या विमानाला एफएस क्रमांक लावणे म्हणजे नंतरच्या शेड कार्डातला सगळ्यात जवळचा चौकोन दाखवणे एवढेच. तो क्रमांक आदेश समजून चालणे ही या छंदातली सर्वांत पसरलेली चूक आहे.

शिवाय अमेरिकी कारखाना ज्याचा त्याचा होता. १९४३ च्या आधी तर विशेषच. बी-१७ बॉम्बरच्या कॉकपिटमध्ये गडद, मंद हिरवा, डल डार्क ग्रीन, आणि मागच्या धडाचा बराच भाग उघड्या धातूचा. पी-४७ मध्येही गडद हिरवाच. कर्टिसच्या पी-४० चा हिरवा पिवळ्याकडे झुकणारा. ग्रमनच्या वाइल्डकॅटमध्ये ब्राँझ ग्रीन. व्हॉटच्या सुरुवातीच्या कोर्सेअरमध्ये आतल्या काही भागांना झिंक क्रोमेटमध्ये लाल लोहभस्म मिसळलेला गुलाबी-नारिंगी प्रायमर होता. तो पहिल्यांदा कळल्यावर कित्येकांचा विश्वास बसला नव्हता. डॅना बेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी सरकारी पत्रव्यवहार आणि कारखान्यांचे कागद चाळून हा पट उलगडला. मस्टँगचा तळ प्लायवुडचा असे आणि त्यावर पाय न घसरणारा काळा थर असे. आजच्या उडत्या मस्टँगमध्ये तेच लाकूड कधीकधी सुरेख व्हार्निश केलेले दिसते. पाहायला छान, १९४४ साठी चुकीचे.

या अमेरिकी धाग्यालाही भारतीय टोक आहे. हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर व्हल्टी व्हेंजन्स ही सूर मारून बाँब टाकणारी विमाने वापरली. कारखाना अमेरिकी, मागणी ब्रिटिशांची आणि वैमानिक भारतीय. अशा विमानाच्या कॉकपिटचा रंग ठरवताना ‘कोणाच्या हवाई दलाचे?’ हा प्रश्न दुसरा येतो. ‘कोणी बांधले आणि कोणासाठी?’ हा पहिला.

जर्मनीत सगळे नियमांनी बांधलेले होते, निदान कागदावर. हवाई मंत्रालयाने, म्हणजे आरएलएमने, रंगांना क्रमांक दिले. युद्धाच्या सुरुवातीला कॉकपिटमध्ये आरएलएम ०२, हिरवट राखाडी. नोव्हेंबर १९४१ च्या नियमपुस्तिकेने आरएलएम ६६, जवळजवळ काळा राखाडी, कॉकपिटसाठी सांगितला. म्हणून १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर उडणाऱ्या मेसरश्मिट १०९ च्या आत ०२ हवा आणि १९४३ च्या १०९ मध्ये ६६. मधल्या काळातल्या विमानांसाठी तारीख आणि कारखाना दोन्ही पाहावे लागतात. नळ्यांचेही रंग ठरलेले : इंधनाची पिवळी, तेलाची तपकिरी, ऑक्सिजनची निळी. नंतरच्या १०९ च्या कॉकपिटमध्ये उजवीकडून जाणाऱ्या इंधननळीचा एक तुकडा पारदर्शक असे, म्हणजे पोटाखालच्या जादा टाकीतून इंधन येते आहे की नाही ते वैमानिकाला दिसे. काळपट राखाडी भिंतीवर ही पिवळी रेघ उठून दिसते, आणि मॉडेलमध्ये ती नीट ओढता आली की बाकीच्या कॉकपिटवरही विश्वास बसतो. जर्मन पक्षाचा मोठा धोका म्हणजे नियमालाच वस्तुस्थिती मानणे. युद्धाच्या शेवटी सुटे भाग गावोगावच्या लहान कारखान्यांत बनत होते, रंगाचा तुटवडा होता, आणि एकाच धडाचे दोन भाग दोन ठिकाणी रंगून येत.

जपानी विमानांत आओताके हा धातूवर दिलेला पारदर्शक, निळसर हिरवा रक्षक लेप प्रसिद्ध आहे. त्याच्या आतून धातूची चमक दिसते. तो कुठे निळा, कुठे हिरवा, कुठे पिवळट दिसतो. पण तो लढाऊ विमानाच्या प्रत्येक कोपऱ्यात असतो ही समजूत चुकीची. झीरो विमान मित्सुबिशीने आखले, पण निम्म्याहून अधिक नाकाजिमाच्या कारखान्यांत बांधले गेले, आणि दोघांचे कॉकपिटचे हिरवे सारखे नाहीत. नाकाजिमाचा पिवळ्याकडे झुकतो. रॉबर्ट मिकेश यांनी जपानी विमानांच्या अंतर्भागावर लिहिलेला ग्रंथ या बाबतीत अजूनही उघडावा लागतो. तामिया कंपनीची एक्सएफ-७१ ही डबी जपानी नौदलाच्या कॉकपिटसाठी आहे. तिच्या नावात ‘कॉकपिट ग्रीन’ असल्यामुळे ती स्पिटफायरपासून मस्टँगपर्यंत सगळीकडे वापरली जाते. हे टाळा.

इटलीचा फिकट गंजरोधक हिरवा बराच एकसारखा आहे, म्हणून त्यावर इथे फार लिहीत नाही. सोव्हिएत विमाने पुष्कळ अंशी लाकडी होती. राखाडी ए-१४ आणि पिवळट एएलजी-१ प्रायमर ही नावे त्यांच्या बाबतीत वारंवार येतात, आणि त्यांची विश्वसनीय माहिती १९९१ नंतर तिथले दस्तऐवज खुले झाल्यावरच बाहेर आली. मराठी वाचकाच्या मनात रशियन कॉकपिट म्हटले की ठळक निळसर हिरवा येतो, कारण नाशिकजवळ ओझरला बांधलेल्या मिग-२१ चा कॉकपिट तसा होता. तो रंग युद्धानंतरच्या पिढीचा. १९४३ च्या याकमध्ये तो नेऊन बसवू नये.

हे सगळे ज्ञान मॉडेलवाल्यांकडे आले कसे, तोही इतिहास जाणण्यासारखा आहे. १९५३ मध्ये एअरफिक्सने आपले पहिले स्पिटफायर काढले, तेव्हा आत दाखवण्यासारखे फारसे काही नसे. एक खुर्ची आणि तीत एक वैमानिक. रंगाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी स्थापन झाली आणि हौशी लोक एकमेकांना प्रश्न विचारू लागले. हंब्रोलच्या डब्यांवर युद्धकालीन रंगांची नावे येऊ लागली. १९७६ मध्ये आर. ए. एफ. म्युझियमच्या मालिकेत ब्रिटिश विमानरंगांवर जे पुस्तक निघाले, त्यात छापील चौकोनांऐवजी खऱ्या रंगाचे तुकडे चिकटवलेले होते. १९८० मध्ये मेरिक आणि हिचकॉक यांनी जर्मन रंगांसाठी तेच केले. संशोधकाने सापडलेल्या अवशेषाचा रंग मेथ्यूएनच्या रंगकोशातल्या किंवा मन्सेल पद्धतीच्या क्रमांकात नोंदवायचा ही शिस्त याच काळात रुजली. मग रेझिनचे तपशीलवार कॉकपिट आले, आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या एडुआर्ड या चेक कंपनीसारख्यांनी पातळ धातूचे कोरीव भाग आणले, तेही आधीच रंगवलेले. भाग जसे बारीक झाले तसा रंगाचा प्रश्न टोकदार झाला.

आज या क्षेत्रात ढोबळ मानाने तीन घराणी दिसतात. कागदाचे घराणे आदेश, कंत्राटे, कारखान्यांची रेखाचित्रे यांवर विसंबते. अवशेषांचे घराणे जमिनीतून, समुद्रातून, धान्याच्या कोठारातून निघालेल्या तुकड्यांवर. तिसरे घराणे डोळ्याचे. त्याचा आग्रह असा, की मॉडेल हे चित्र आहे आणि त्यात उजेड-सावली रंगवावी लागते. एकट्या कुठल्याही घराण्याच्या हाती सगळी किल्ली नाही, पण मी तटस्थही नाही. कागद काय करायचे ठरले ते सांगतो, अवशेष काय झाले ते सांगतो, आणि दोघांचे जुळले की प्रश्न मिटला. जुळले नाही तर, अवशेष नीट ओळखलेला असेल, म्हणजे कोणत्या विमानाचा, कोणत्या भागाचा हे ठाऊक असेल, तर मी अवशेषाकडे झुकतो. डोळ्याच्या घराण्याचे महत्त्व त्यानंतर येते, पण येते नक्की.

अवशेष वाचणे मात्र सोपे नाही. जवसाच्या तेलाचे जुने रंग अंधारात पिवळे पडतात आणि उजेडात ठेवले की तो पिवळेपणा काहीसा उतरतो. ऐंशी वर्षे चिखलात पुरलेल्या कॉकपिटचा हिरवा म्हणूनच खऱ्यापेक्षा पिवळा दिसू शकतो. तेल, धूर, आग, खारे पाणी सगळेच छटा बदलतात. दोन रंग दिवसाच्या उजेडात जुळतात आणि घरातल्या दिव्याखाली फुटून वेगळे होतात. घराला रंग देताना अर्ध्यात डबा संपला आणि दुसरा आणला की भिंतीवर जोड दिसतो. १९४२ मधल्या कारखान्यात तर रोज नवा डबा उघडत होता. आणखी एक इशारा : झिंक क्रोमेटमधला क्रोमियम विषारी आणि कर्करोगकारक आहे. हाती आलेला खरा अवशेष घासू नये, त्याची धूळ हुंगू नये.

फोटोंचेही तसेच. कोडाक्रोमच्या पारदर्शिका १९३६ पासून उपलब्ध होत्या आणि अमेरिकी कारखान्यांचे सुंदर रंगीत फोटो आहेत, पण फ्लॅशच्या उजेडात हिरव्याचा स्वभाव बदलतो. कृष्णधवल फोटोत तर काही फिल्मांवर लाल काळा दिसतो आणि निळा पांढुरका. कृष्णधवल फोटो पाहून रंगाचा गडदपणा सांगणेसुद्धा जपून करावे.

मग आकाराचा प्रश्न. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ११.२३ मीटरचे स्पिटफायर १:७२ मापात सुमारे साडेपंधरा सेंटिमीटरचे होते आणि त्याचा कॉकपिट बोटाच्या पेरात मावतो. खऱ्या रंगाचा थेंब जसाच्या तसा तिथे लावला तर तो जास्त गडद भासतो. म्हणून रंग फिका करून लावावा असा एक प्रचलित ठोकताळा आहे : १:७२ साठी सुमारे १५ टक्के पांढरा, १:४८ साठी १०, १:३२ साठी ७. कॉकपिट तर खोल विहीर. तिच्यात उजेड आधीच कमी. त्यात आरएलएम ६६ डबीतून थेट लावला तर कॅनपी बसवल्यावर आत काळोखाशिवाय काही दिसत नाही. मी इथे पांढऱ्याऐवजी फिका राखाडी मिसळतो, मग पातळ गडद वॉश खोबणीत सोडतो आणि कडांवर कोरड्या ब्रशने फिकी छटा ओढतो. रंगाची जात ओळखू यावी आणि आकारही दिसावा, हे दोन्ही साधायचे असते.

हा विषय आत्ता मांडायची निकड मला दोन कारणांनी वाटते. ज्यांनी ही विमाने उडवली, ज्या बायका-पुरुषांनी ती कारखान्यांत रंगवली, त्यांतले बहुतेक आता नाहीत, आणि मूळ रंग असलेले अवशेषही जीर्णोद्धारात खरवडले जाऊन नव्या थराखाली जात आहेत. दुसरे, संगणकाने रंगवलेले जुने फोटो आज इतके खरे वाटतात की त्यांतला हिरवा पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागला आहे. तो हिरवा यंत्राने अंदाजाने भरलेला असतो. शिवाय रंगांचे तयार संच सोईचे आहेत, पण संच घेणाऱ्याचा निर्णय दुसऱ्याच कोणी आधी घेऊन ठेवलेला असतो. मुंबई-पुण्यातल्या, परदेशी गेलेल्या मराठी मुलांच्या हातांत आज उत्तम किट आणि उत्तम रंग सहज येतात. आपल्या भाषेत नाही ती या प्रश्नाची नीट मांडणी.

दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर, लायसँडर आणि जपानी ओहका उभी आहेत. तिथे अवश्य जावे, जमेल तितके वाकून आत पाहावे. खुर्चीचा आकार, नळ्यांची मांडणी, लिव्हरची जागा यांसाठी प्रत्यक्ष वस्तूसारखा गुरू नाही. मात्र संग्रहालयातली विमाने दशकानुदशके पुन्हा रंगवली जातात. रंगाचा निवाडा त्यांच्यावरून करू नये.

या पुस्तकात विमाने देशवार नाहीत, कारखानावार घेतली आहेत. त्यामुळे नाकाजिमाचा झीरो मित्सुबिशीच्या झीरोपासून दूर पडला आहे, आणि ते हेतुपुरस्सर आहे. प्रत्येक विमानासाठी कोणता भाग कोणत्या रंगाचा हे सांगताना पुराव्याचा दर्जा शेजारी दिला आहे : ‘क’ म्हणजे कागद आणि ओळखलेला अवशेष दोन्ही जुळतात, ‘ख’ म्हणजे दोहोंपैकी एकच आहे, ‘ग’ म्हणजे त्याच कारखान्याच्या दुसऱ्या विमानावरून केलेले अनुमान. ‘ग’ जिथे आहे तिथे मी एकच मिश्रण दिलेले नाही, दोन दिली आहेत, आणि त्यांतले कोणते निवडले ते मॉडेलच्या तळाशी लिहून ठेवावे अशी विनंती आहे. पुढे नवा पुरावा आला तर पाहणाऱ्याला तुमचा तर्क कळेल. मिश्रणे थेंबांच्या प्रमाणात आहेत आणि आपल्याकडे मिळणाऱ्या ॲक्रिलिक आणि इनॅमल रंगांतून केली आहेत.

रंगाचे छापील चौकोन या पुस्तकात नाहीत. छपाईची शाई दर आवृत्तीला थोडी सरकते आणि वाचक तिलाच प्रमाण मानतो. त्याऐवजी मन्सेलचे क्रमांक आहेत. ज्यांच्याकडे ते शेड कार्ड नाही त्यांनी मिश्रण करून प्लास्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर लावावे, एक रात्र वाळू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेकडच्या खिडकीत, उन्हात नव्हे, त्याच्याकडे पाहावे. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली केलेली तुलना ग्राह्य धरू नये.